उताणा न होणारा हात

माझ्या उजव्या हाताला काहीही झालेलं नाही, हा ठराव आमच्या घरात एकमताने पास झाला, तेव्हा मी तिथेच बसून डाव्या हाताने चहा पीत होते. उजव्या हाताने कप उचलून तोंडाकडे वळवला की मनगटाच्या करंगळीकडच्या बाजूला कोणीतरी तापलेली सळई खुपसून वर ती फिरवतंय असं व्हायचं. पण ठरावाच्या विरोधात माझं एकटीचंच मत होतं आणि आमच्या घरात माझं मत मोजायची पद्धत नाही.

ठरावाला आधार होता एक्स-रेचा. त्या काळ्या कागदावर माझा आजही असा राग आहे की तो सापडला तर मी त्यात शेंगदाणे बांधून देईन. माझ्या नवऱ्याने तो खिडकीशी धरला, एक डोळा मिटला, आयुष्यभर हाडंच वाचत आल्यासारखा वरपासून खालपर्यंत बघितला आणि निकाल दिला, "हाड साबूत आहे. फुकट बोंबलून राह्यली वं तू."

त्याला दोष तरी किती देऊ? एक्स-रे काढणाऱ्या दवाखान्यातल्या पोरसवदा डॉक्टरनेही तेच म्हटलं होतं, फक्त शुद्ध भाषेत. फ्रॅक्चर नाही, थोडी लचक आहे, पट्टी बांधा, गोळ्या घ्या. त्याने माझ्या हाताला बोटसुद्धा लावलं नव्हतं. कागदाशी बोलला, कागदाने त्याला सांगितलं की बाई ठीक आहे.

आता हात म्हणजे माझ्यासाठी काय चीज आहे, ते सांगितल्याशिवाय माझा राग कोणाला कळायचा नाही. मी बोरगाव मेघेत राहते आणि लग्नाकार्यात लांब पोळ्या करते. आमच्याकडे उन्हाळ्यातलं लग्न म्हणजे आमरस, आणि आमरस म्हणजे लांब पोळी. ही पोळी लाटत नाहीत. लाटणं नुसतं दिसलं तरी ती रुसते. कणीक सैल भिजवायची आणि परातीत इतकी आपटायची की ती रबरासारखी ताणली पाहिजे. मग ओल्या तळहातावर गोळा घ्यायचा आणि हातावरच खेळवायचा. तळहात उताणा केला की पोळी मनगटावर उतरते, पालथा केला की कोपराकडे धावते, पुन्हा उताणा, पुन्हा पालथा. अशी ती पसरत पसरत मलमलीसारखी पातळ झाली की चुलीवर उपड्या घातलेल्या मातीच्या मडक्यावर अंथरायची. माझ्या पोळीतून वर्तमानपत्र वाचता येतं. एका नवरदेवाच्या काकांनी खरंच वाचलं होतं. बातमी दुःखाची निघाली म्हणून त्यांनी पोळीची घडी केली आणि खाऊन टाकली.

तर असा हात. तो उताणा-पालथा झाला नाही तर मी कोण? जिल्ह्यात पोळ्या लाटणाऱ्या बायका ढिगाने आहेत.

पडले ती हिंगणघाटला. लग्न कापसाच्या एका व्यापाऱ्याकडचं. मांडवामागे आमची चूल. वरपक्षाच्या एका जावईबापूंना वाटलं की आमरसाची बादली स्वयंपाक्यांनी नाही, आपण स्वतः मिरवत न्यावी. मिरवली. निम्मा रस पंगतीत गेला, निम्मा माझ्या वाटेवर. मी परात घेऊन उठले, पाय रसावर गेला आणि मी उजवा तळहात टेकून सगळ्या वजनानिशी खाली आले. माझं वजन मी सांगणार नाही. वेणा नदीच्या पुलावरून मी चालत निघाले की समोरून येणारे ट्रक थांबून मला जाऊ देतात, एवढं पुरे. मनगटात कट असा आवाज झाला. जावईबापू म्हणाले, "बाई, रस सांडला ना तुमच्यामुळं."

मी उरलेल्या पोळ्या तशाच केल्या. रडत रडत केल्या. पंगतीत लोक म्हणाले, आज मीठ बरोबर पडलंय.

पुढचे दिवस म्हणजे रोज नवा अपमान. कुलपात किल्ली जायची, पण फिरायची नाही. तांब्या उचलता यायचा, पण पाणी ओतायला तो वळवला की हात अर्ध्यावर अडायचा आणि आत काहीतरी कटकन् वाजायचं. ओलं फडकं पिळणं म्हणजे स्वतःलाच पिळणं. जमिनीवरून हात टेकून उठायचं तर डोळ्यांपुढे काजवे. देवळात तीर्थ घ्यायला हात पुढे केला, तर तळहात पुरता उताणाच होईना. तीर्थ तिरक्या तळव्यावरून ओघळून कोपरापर्यंत गेलं. पुजारी म्हणाले, नीट धरा हात, तीर्थाचा अपमान होतो. मी म्हटलं, महाराज, आधी माझा झालाय.

घरात कोणी मानायला तयार नव्हतं. सूज उतरली होती, हात दिसायला धडधाकट होता. मुख्य म्हणजे कागद म्हणत होता की ठीक आहे. नवरा शेजाऱ्यांना सांगायचा की हिला कामाचा कंटाळा आलाय. धाकटी जाऊ तर इतकी हळहळायची की त्या हळहळीत साखर किती हे जिभेला कळत होतं. उन्हाळ्याची अर्धी लग्नं अजून बाकी, आणि मडक्यापुढची माझी जागा तिने घेतली. तिच्या पोळीबद्दल मी वाईट बोलणार नाही. त्या पोळीत सोयाबीन भरून मार्केटला नेता आलं असतं.

आणि मग आली ती लाथ.

इथे आणखी एक गोष्ट सांगावी लागेल. मी पायाळू आहे. आईच्या पोटातून आधी पाय बाहेर काढले, डोकं मागून. तेव्हाच दाईने सांगून टाकलं होतं म्हणे, ही पोरगी दारातून कधी नीट आत यायची नाही. आमच्याकडे मानतात की कोणाच्या कमरेत उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावायचा, उसण जाते. लहानपणापासून माझ्या दारात माणसं कंबर धरून वाकडी यायची आणि सरळ होऊन जायची. बोरगावपासून सेलूपर्यंत अर्धा जिल्हा माझ्या पायाखालून गेलाय. लाथ खाऊन वर मला नमस्कार करणारी माणसं मी जेवढी पाहिली आहेत, तेवढी कोणा पुढाऱ्याने पाहिली नसतील. ती खरंच बरी होतात, की माझ्या पायाच्या धाकाने उठून उभी राहतात, हे मला ठाऊक नाही. मी कधी विचारायला गेले नाही. सरळ झालेल्या माणसाला कशाला वाकवायचं?

पण या कामाचा एक नियम आहे आणि तो मी कधी मोडला नाही. पाय कमरेला लावायचा, पाठीला लावायचा, आणि लावायचा म्हणजे टेकवायचा. मनगटाला, गुडघ्याला, मानेला नाही. आणि स्वतःची लाथ स्वतःला लागू होत नाही.

या शेवटच्या नियमावर जाऊबाईने बरोब्बर बोट ठेवलं. तुमचा पाय तुम्हाला चालत नाही ना, मग दुसरा पायाळू आणू. दुसरा तिच्याकडे तयारच होता. सेलूचे एक काकाजी, तिच्या माहेरचे, किराणा दुकानवाले. बसल्या जागी कोणाचंही काहीही बरं करायचा त्यांना शौक. मी म्हटलं, हे कमरेचं नाही, मनगटाचं आहे, आत काहीतरी वाजतंय. नवरा म्हणाला, तू स्वतः लोकांना लाथा मारत फिरते आणि तुलेच विश्वास नाई? या प्रश्नाला आजही माझ्याकडे नीट उत्तर नाही आणि म्हणून त्याचा मला जास्त राग येतो.

काकाजी आले. पोहे खाल्ले, परत मागून खाल्ले. मग माझा हात उंबरठ्यावर पालथा ठेवायला सांगितला. मी सांगत होते की काकाजी, आपण दोघं एकाच धंद्यातले आहोत, मनगटाला पाय लावत नसतात. ते म्हणाले, "बाई, तुमचा पाय बायकी आहे, टेकते. माह्या पायात जोर आहे, तो बसवते." नवऱ्याने माझा दंड धरला. जाऊबाईने खांदा धरला. आणि सत्तरीच्या त्या माणसाने माझ्या मनगटावर टाच दिली. दिली ती दिली, वर हात धरून झटका मारून फिरवला, रॉकेलच्या डब्याचं घट्ट बसलेलं झाकण फिरवावं तसा.

मी जी किंकाळी मारली ती धाम नदीच्या पार पवनारपर्यंत गेली असेल. तिथल्या म्हशींनी त्या संध्याकाळी दूध दिलं नाही अशी माझी माहिती आहे. काकाजी समाधानाने म्हणाले, "निघाली लचक. आवाज झाला ना, तवाच निघाली."

त्यानंतर हात जेवढा फिरत होता तेवढाही फिरेना. पेन्सिल मुठीत धरून तळहात वर करायला गेले तर ती तिरकी राहायची, भिंतीवरच्या बंद पडलेल्या घड्याळाच्या काट्यासारखी. रात्री उशीवर हात कसा ठेवावा हे कळायचं नाही. घरात मात्र आता दुसरा ठराव पास झाला: लाथ लागूनही बरं वाटत नाही म्हणजे नाटकच आहे. यावेळी जाऊबाईने अनुमोदन दिलं.

मी भांडले नाही. माझ्या आयुष्यात मी भांडले नाही असे प्रसंग फार थोडे आहेत, म्हणून हा नोंदवून ठेवते. सकाळी पदर खोचला, ऑटो थांबवला आणि जिल्ह्यातल्या एका मोठ्या दवाखान्यात जाऊन बसले. तिथे हाताचाच डॉक्टर असतो असं लग्नातल्या एका पाहुणीने सांगितलं होतं. नवरा मागून मोटरसायकलवर आला. सोबतीला नाही. डॉक्टर मला खोटं पाडेल तेव्हा हजर असावं म्हणून. काखेत एक्स-रे.

डॉक्टर म्हणजे एक बाई निघाल्या. चाळिशीच्या, बोलायला सावकाश. नवऱ्याने एक्स-रे पुढे केला, त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि माझा हात हातात घेतला. पडल्यापासून माझा हात बघायला हातात धरणारं हे पहिलं माणूस. मला एकदम रडू आलं आणि रडू आल्याचा इतका संताप आला की रडू थांबलं.

त्यांनी दोन्ही कोपर कमरेला चिकटवून ठेवायला सांगितले, दोन्ही मुठींत पेन उभे दिले आणि हात उताणे करायला सांगितलं. डावा ताटासारखा सपाट झाला. उजवा अर्ध्यावरच अडला आणि मी नकळत खांदा वाकवून त्याला पुढे ढकलू लागले. बाई म्हणाल्या, खांदा नको, मला फक्त हात बघायचाय. मग पालथे. तिथेही फरक. मग त्यांनी करंगळीच्या बाजूला, मनगटाच्या वर येणारं हाड आणि शेजारची शीर यांच्यामध्ये जो खळगा असतो, तिथे अंगठ्याने दाबलं.

मी खुर्चीतून उठले. नवरासुद्धा उठला.

"इथेच दुखतं?" त्यांनी विचारलं.

"बाई, माझा जीव इथंच आहे," मी म्हटलं.

पुढे त्यांनी ते हाड पेटीच्या पट्टीसारखं दाबून बघितलं. डाव्या हाताचं दबत नव्हतं, उजव्याचं खाली जाऊन वर यायचं. खुर्चीच्या दांड्यांवर हात टेकून उठायला लावलं, तिथेही तीच कळ. मग कागदावर चित्र काढून समजावलं. कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं असतात. हात उताणा-पालथा होतो तेव्हा एक हाड दुसऱ्याभोवती फिरतं. मनगटापाशी त्या दोघांना धरून ठेवणारी एक तिकोनी गादी असते, कूर्चेची, दोऱ्यासारख्या धाग्यांनी हाडाला बांधलेली. हातावर पडलं की ती फाटते किंवा हाडापासून सुटते. मग हात फिरवताना दुखतं, वाजतं, अडतं.

नवरा म्हणाला, "पण मॅडम, एक्स-रे तं साफ आहे."

"एक्स-रेत हाड दिसतं. गादी दिसत नाही."

एवढ्या दोन वाक्यांसाठी मी किती महिने नाटकी ठरले होते! मी नवऱ्याकडे बघितलं. तो छतावरच्या पंख्याचं निरीक्षण करत होता. फार सुंदर पंखा असावा.

खात्री करायला एमआरआय काढला. त्या नळकांड्यात इतका खडखडाट की हिंगणघाटच्या कापसाच्या सगळ्या जिनिंग गिरण्या एकदम माझ्या कानात चालू केल्यासारखं वाटलं. बाहेर आल्यावर बाईंनी पडद्यावर दाखवलं: काळ्या गादीच्या कडेला एक पांढरी रेघ. गादी हाडापासून उखडली होती. मग त्यांनी विचारलं, पडल्यावर कोणी हात ओढला, चोळला, असं काही?

नवरा पुन्हा पंख्याकडे वळला. मी सांगितलं. उंबरठा, टाच, झटका, सगळं. बाईंनी पेन खाली ठेवला. म्हणाल्या, सुरुवातीलाच कोपराच्या वरपर्यंत प्लास्टर घालून हात फिरू दिला नसता, तर कदाचित आपोआप जुळलं असतं. आता टाका घालावा लागेल. लाथेने किती बिघडलं, ते सांगता येणार नाही. त्या डॉक्टर आहेत, त्यांना सांगता येत नाही. मी डॉक्टर नाही, मी सांगते: सगळं लाथेने बिघडलं.

ऑपरेशन झालं ते नुसता हात बधिर करून. मनगटाला बारीक छिद्रं पाडली, एकातून कॅमेरा, दुसऱ्यातून हत्यार. मी पडद्यावर बघत होते. माझ्या मनगटात पाण्याखालचं गाव होतं आणि त्यात एक फाटकी पांढरी चटई तरंगत होती. त्यांनी ती ओढून हाडाला दोऱ्याने बांधली. बाहेर आल्यावर मी नवऱ्याला सांगितलं की आत मला काकाजींच्या टाचेचा ठसा स्पष्ट दिसला. त्याचा विश्वास बसला. अजून बसलेला आहे.

मग कोपर अडकवून प्लास्टर. महिना-दीड महिना. हात काटकोनात, जणू मी सगळ्या जगाला थांबा म्हणतेय. त्या दिवसांत घरातली चूल नवऱ्याने सांभाळली आणि कोणत्या डाळीत किती पाणी, हे मी पलंगावरून ओरडून सांगितलं. प्लास्टर निघालं तेव्हा हात कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाटीच्या काडीसारखा झाला होता आणि फिरण्याचं नाव नव्हतं. व्यायाम शिकवणारी मुलगी म्हणाली, हातोडी मुठीत उभी धरा, हळूच एका अंगाला झुकवा, मग दुसऱ्या. घरात हातोडी सापडेना म्हणून मी पळी घेतली. पळी उताणी, पळी पालथी. सकाळी, दुपारी, टीव्हीपुढे. शेजारणी म्हणायच्या, बाई हवेला वाढून राह्यल्या. महिने गेले. पळी झुकत झुकत खाली यायला लागली, पण उताणेपणाचा शेवटचा थोडा भाग काही येईना. बाई म्हणाल्या, ताकद येईल, दुखणं जाईल, एवढा थोडा कमी राहू शकतो. राहू शकतो म्हणे! माझी पोळी नेमकी त्याच थोड्यावर मनगटावर उतरते, हे मी त्यांना कसं सांगू?

पुढच्या उन्हाळ्यात बोरगावातच एका शेतकऱ्याच्या पोरीचं लग्न होतं. मी मडक्यापुढे बसले. जाऊबाई पदर खोचून शेजारी उभी, माझी जागा गरम ठेवायला. पहिली पोळी मनगटावर उतरायच्या जागी आली, हात अडला, पोळी फाटली. दुसरी फाटली. तिसरी कोपरापर्यंत गेली आणि गळाली. मागे बायका जमल्या होत्या आणि जाऊबाई त्यांना सांगत होती, "आता बरंच आहे म्हणा बाईचं. सेलूच्या काकाजीनं लाथ देल्ली ना, तिचाच गुण. ऑपरेशन तं वरून झालं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, मी बसू का?"

मी कणीक परातीत आपटली. पिठाचा हात सगळ्या बायकांपुढे धरला आणि जाईल तेवढा उताणा केला.

"पाह्य. याच्यापुढं नाई जात. तुह्या काकाजीनं मनगटावर टाच ठेवली, तू खांदा धरला, यानं दंड धरला. डॉक्टरनं जोडलं तेवढं माहं. जेवढं नाई फिरत ते तुमच्या तिघायचं. घरी नेजो."

नवरा पाण्याचा ड्रम उचलायला निघून गेला. ड्रम भरलेला होता, तरी उचलला.

मी पाट फिरवला. मडक्याला उजवी बाजू देऊन बसले, म्हणजे उजव्या हाताला पोळी कमी वळवावी लागेल आणि डाव्याला जास्त. गोळा घेतला. डाव्यावर खेळवला, उजव्यावर नुसता झेलला, जिथे हात अडतो तिथे अडू दिला आणि पोळीला बाजूने जाऊ दिलं. ती गेली. एका अंगाला लांब, एका अंगाला आखूड, पण अखंड. मडक्यावर पडली, फुगली.

पहिल्या पंगतीतल्या एका पाहुण्याने ती हातात धरून दोन्ही बाजूंनी बघितली. "बाई, वाकडी झाली ना ही."

"वाकडीच आहे," मी म्हटलं. "खा."

आणि दुसरा गोळा घेतला.